चौदाशे मिलिमीटरचा चतुर

माझा राग सत्तर सेंटीमीटरचा आहे. सुमारे सत्तर. हा 'सुमारे' महत्त्वाचा, त्याच्याबद्दल पुढे सांगते. पण राग मात्र सुमारे नाही, तो पुरेपूर आहे आणि पंचेचाळीस वर्षांत त्यातला एक दोराही झिजलेला नाही.

परवा शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांच्या ग्रुपवर एक चित्र आलं. माणसाच्या दंडावर बसलेला अवाढव्य चतुर, आणि खाली मजकूर: कोट्यवधी वर्षांपूर्वी गरुडाएवढे किडे आकाशात उडत होते. सगळ्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले, एकीने तर 'देवाची लीला' असंही लिहिलं. मी विचारलं, "कोणी मोजला? कुठला गरुड? पंख मोजले की अंग?" मग एकीने लिहिलं, "ताई, छोड़ो ना, एवढं काय मनावर घेता!" मनावर घेता म्हणे. अगं बाई, त्या किड्यापायी माझं दिल्लीला जाणं बुडालं आणि घरात माझ्या उंचीची रेघ ओढली जायची बंद झाली. मी मनावर नाही घेणार तर काय तू घेणार?

आता नीट पहिल्यापासून सांगते.

गॅसच्या आधीची गोष्ट. भोपाळात लोक सगळ्या गोष्टी गॅसच्या आधी आणि गॅसच्या नंतर अशाच सांगतात. आम्ही एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. आमचं घर नागपूरचं, डाव्या हाताच्या क्वार्टरमध्ये पंजाबी, समोर मल्याळी, आणि उजव्या हाताला, एकाच भिंतीपलीकडे, अकोल्याकडचे काका. हे काका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढायचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझी जीवश्च कंठश्च मैत्रीण. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाला एक फट होती, तिच्यातून वाटीभर साखरेपासून गणिताच्या वहीपर्यंत सगळं जायचं यायचं.

माझे बाबा इन्स्पेक्शनमध्ये होते. शॉपमध्ये बनलेली प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर यायची, ते ती ड्रॉइंगशी ताडून मोजायचे आणि तिला चिठ्ठी बांधायचे. बरोबर असेल तर हिरवी, चुकीची असेल तर लाल. बाबांच्या लाल चिठ्ठ्या इतक्या, की शॉपमध्ये त्यांना पाठीमागे 'रिजेक्ट बाबू' म्हणायचे. फोरमन हात जोडायचे, "साब, आधे मिलीमीटर में कौन सा आसमान टूट पड़ेगा?" बाबा म्हणायचे, "आसमान का ड्रॉइंग लाओ, वो भी देख लेंगे." आणि चिठ्ठी बांधून पुढे जायचे.

चिठ्ठीचा एक कायदा होता आणि तो आम्हा पोरांनाही पाठ होता. चिठ्ठी ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसरा कोणी हात लावणार नाही, मोठा साहेब असला तरी नाही. लाल चिठ्ठीची वस्तू कोणी वापरणार नाही. आणि लाल चिठ्ठी सोडताना तिच्या पाठीवर लिहायचं, दुरुस्ती काय केली. नुसती सोडली असं चालायचं नाही.

घरीही बाबांचं मोजणं चालूच. त्यांचा एक स्टीलचा टेप होता, स्वतःच्या पैशाने घेतलेला, घरचा. पडदे मोजायचे, खिडकीची जाळी मोजायची, आई पोळ्या करत असताना तव्यावरची पोळी मोजायचे. आई लाटणं उगारायची, "आता पोळीलाही चिठ्ठी बांधा, म्हणजे उपाशी झोपा!" खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पाटावर तो टेप झेंडूची फुलं वाहून ठेवलेला असायचा, आणि दसऱ्याला सकाळी, नवा फ्रॉक घातला की, बाबा मला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करायचे, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचे आणि पेन्सिलीने रेघ ओढायचे. रेघेपुढे उंची मिलिमीटरमध्ये. मी मैत्रिणींना माझी उंची मिलिमीटरमध्ये सांगायची आणि त्या खदाखदा हसायच्या.

मी नववीत असताना टाउनशिपच्या क्लबच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन भरायचं ठरलं. कारखान्याकडून एक मोठं आकर्षण हवं म्हणून पॅटर्न शॉपला, म्हणजे लाकडी साचे करणाऱ्या विभागाला, काम दिलं: प्राचीन काळचा राक्षसी चतुर, लाकडाचा, पंखांना पारदर्शक कागद लावलेला. चतुर म्हणजे ज्याला आम्ही पोरं हेलिकॉप्टर म्हणायचो, पावसाळा संपला की मैदानावर शेकड्यांनी उडायचे तेच. त्यांचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पूर्वज, आता नामशेष, दगडातल्या ठशांवरून माहीत झालेला. ड्रॉइंग काढलं शेजारच्या काकांनी. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात त्यांनी वाचलं, पंखविस्तार सत्तर सेंटीमीटर.

आणि इथेच माशी शिंकली. ही चूक जगात दुसऱ्या कोणी केली नसती, आमच्या टाउनशिपनेच करावी! तिथले लोक दोन्ही बाजू सारख्या असलेली वस्तू कधी अख्खी काढत नसत. अर्धीच काढायची, मधोमध तुटक रेघ, आणि शॉपवाले समजून घ्यायचे की दुसरी बाजू अशीच. काकांनी सवयीने अर्धा चतुर काढला, सुंदर, एकेक शीर दाखवून, आणि मधल्या रेघेपासून पंखाच्या टोकापर्यंत माप लिहिलं: ७००. पुस्तकातले सत्तर सेंटीमीटर होते या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्ख्या किड्याचे. ते काकांनी अर्ध्यावर लिहिले. शॉपने नेहमीप्रमाणे दुप्पट केले. बाबांनी नेहमीप्रमाणे ड्रॉइंग हातात घेऊन मोजलं, चौदाशे भरलं, हिरवी चिठ्ठी बांधली, सही केली. झाला आमचा चतुर चौदाशे मिलिमीटरचा! हॉलमध्ये टांगला तर त्याच्याखाली चारजण उभे राहून चहा प्यायचे.

त्याच्याखाली पाटी लावली: पंखविस्तार १४०० मि.मी. किड्याचं माप मिलिमीटरमध्ये! साहेब लोक आले, मान वर करून म्हणाले, वाह! कोणी विचारलं नाही, की बाबांनो, हे तुम्हाला सांगितलं कोणी?

प्रदर्शनाच्या शेवटी प्रश्नमंजुषा होती. पहिला येणाऱ्याला दिल्लीच्या विज्ञान शिबिराला पाठवणार, पंधरा दिवस, टाउनशिपमधून एकच जागा. मी आणि माझी मैत्रीण, दोघी शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटचा प्रश्न विज्ञानाच्या सरांनी वर बोट दाखवून विचारला: आतापर्यंत माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या किड्याचा पंखविस्तार किती? मैत्रीण पाटी वाचून म्हणाली, एकशे चाळीस सेंटीमीटर. तिची काय चूक? महिनाभर आम्ही सगळे ते लाकूडच बघत होतो. मी म्हणाले, सत्तर. कारण मी आदल्याच आठवड्यात टाउनशिपच्या लायब्ररीत वाचलं होतं. सरांनी मान हलवली आणि हसले. हॉलभर सगळे हसले. "बेटी, सामने टंगा है, देख के भी नहीं बता पाई?"

काय सांगू, त्या हसण्याने मला ताप चढला.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीतून ते जाडजूड पुस्तक उचलून आणलं. त्यात दगडाचा फोटो होता, त्यावर पंखाचा ठसा, तोही टोकाशी तुटलेला. फोटोच्या कोपऱ्यात एक छोटी काळी रेघ आणि तिच्याखाली पाच सेंटीमीटर असं लिहिलेलं. मी बाबांच्या खिशातली पट्टी घेतली, ती रेघ मोजली, ठसा मोजला आणि हिशेब मांडला. तुटका पंख मुळी एक वीतभर आणि वर थोडा. टोक जोडलं तरी फुटापलीकडे फारसा जाईना. मग चौदाशे कुठून आले? दोन पंखांच्या मध्ये काय रेल्वेचा डबा होता?

एवढ्यावर माझं समाधान होईना. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईचे एक लांबचे भाऊ राहायचे, भूगर्भ खात्यात होते. मी आईला घेऊन, त्या काळी ज्या फटफटणाऱ्या टेम्पोला सगळं भोपाळ भट-सुअर म्हणायचं, त्यात बसून त्यांच्याकडे गेले. मामांनी पुस्तक पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "पोरी, हे असे किडे अख्खे क्वचितच सापडतात. पंख सापडतो, तोही फाटका. शिरांची ठेवण पाहून उरलेला किती असेल ते ठरवतात. एका पंखावरून दोन, मध्ये अंग. म्हणून कुठेही 'सुमारे' लिहिलेलं असतं. सत्तर ही झाली वरची हद्द. त्याहून कमी असेल, पण दुप्पट? छे!"

"म्हणजे माझं सत्तरसुद्धा पक्कं नाही?" मी विचारलं.

"सुमारे पक्कं आहे," मामा म्हणाले आणि आईने आणलेला चिवडा खाऊ लागले.

हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. आता फार आवडतं. पुढे मी अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि मुलांच्या वह्यांमध्ये एवढं एकच घालत राहिले: मोठ्ठं काही वाचलं की आधी विचारा, कशाचं माप, कुठून कुठपर्यंत, आणि सापडलं किती नि जोडलं किती. पालक तक्रार करायचे की बाई मार्क कापतात. कापणारच!

मी सगळं घेऊन सरांकडे गेले. पुस्तक, हिशेबाचा कागद, मामांनी चार ओळी लिहून दिलेल्या त्याही. सरांनी दहा मिनिटं वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, तुझं बरोबर दिसतं. पण मॉडेलवर हिरवी चिठ्ठी आहे, तुझ्या बाबांचीच सही आहे. ती त्यांनी रद्द केली तर मी उत्तर बदलतो आणि तुझं नाव पाठवतो. शनिवारी दुपारी नाव दिल्लीला जाणार. "पापा से कह दो बेटी, एक साइन की बात है."

एका सहीची बात! मी घरापर्यंत पळत आले. माझ्या डोक्यात बॅगसुद्धा भरून झाली होती.

बाबा भोंग्यानंतर आले, चहा घेतला. मी त्यांच्यापुढे पुस्तक उघडलं. त्यांनी स्वतः पट्टी घेतली, ती काळी रेघ मोजली, ठसा मोजला. मग माझा हिशेब तपासला. मग आतून काकांच्या ड्रॉइंगची प्रत आणली आणि त्या मधल्या तुटक रेघेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. त्यांना कळलं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होते, मला दिसलं की त्यांना कळलं. एवढंच म्हणाले, "हं."

"मग उद्या चिठ्ठी काढाल ना?"

"शनिवारनंतर काढतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "शनिवारनंतर? नाव शनिवारी जातंय, बाबा!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "आज काढली तर लोक काय म्हणतील? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटावर लाल चिठ्ठ्या बांधल्या, आणि स्वतःच्या पोरीसाठी स्वतःची हिरवी सोडली. शेजारच्या पोरीच्या तोंडचा घास काढून आपल्या पोरीला भरवला. उद्या शॉपमध्ये माझ्या चिठ्ठीला कोण विचारेल?"

"पण माझं बरोबर आहे!"

"बरोबर आहे," ते म्हणाले. अगदी शांतपणे. "तू माझी मुलगी नसतीस ना, तर मी आत्ता सायकल काढली असती."

"मग मी कोणाची मुलगी व्हायचं?"

त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली. आई मात्र बोलली. भाजीची कढई खाली आपटून म्हणाली, "लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुमचं जगावेगळंच! दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं! शॉपमध्ये अर्धा मिलिमीटर चालत नाही, आणि पोरीच्या नशिबातला मीटरभर चालतो तुम्हाला!" बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी भिंतीकडे तोंड करून रडले. पलीकडून मैत्रिणीच्या घरी शिवणयंत्राचा आवाज येत होता. काकू तिला दिल्लीसाठी नवा सलवार-कमीज शिवत होत्या.

शुक्रवार गेला. मी बाबांशी बोलले नाही, त्यांच्या ताटाशी बसले नाही. शनिवारी दुपारचा भोंगा झाला तेव्हा मी ओट्यावर उभी होते. मनात अजून होतं, की येतील, सायकलवरून येतील आणि म्हणतील, चल. सायकल नेहमीच्या वेळेला आली. बाबांनी हातपाय धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं.

आता ऐका. सोमवारी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी बाबा क्लबच्या हॉलमध्ये गेले, स्टुलावर चढले, हिरवी चिठ्ठी सोडली आणि चतुराच्या पायाला लाल बांधली. त्यावर लिहिलं: माप दुप्पट. इन्स्पेक्टरची चूक. खाली ठसठशीत सही. काकांचं नाव कुठेही नाही. काका धावत आमच्याकडे आले, डोळ्यांत पाणी, "भाऊ, ड्रॉइंग माझं, चिठ्ठीवर तुमचं नाव का?" बाबा म्हणाले, "ड्रॉइंग तुमचं, पास मी केलं." अन् झालं! सगळ्या टाउनशिपमध्ये एकच बोलबाला. काय माणूस आहे! स्वतःची चूक स्वतः चव्हाट्यावर मांडली! पोरीचं नुकसान झालं पण तत्त्व सोडलं नाही! पंजाबी काकू माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तेरे पापा तो हीरा हैं."

हिरा! माझं नाव गेल्यावर चमकलेला! वरातीमागून घोडं नाचवलं आणि लोक घोड्याला हार घालताहेत. त्या सगळ्या कौतुकाचा खर्च कोणी केला होता? मी केला होता. तत्त्व त्यांचं, दिल्ली माझी गेली. आणि मला विचारलं होतं का कोणी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, वर म्हणायचं, नशीबवान आहेस, असा बाप मिळाला.

त्या चतुराचं पुढे काय केलं तेही सांगते, म्हणजे माझा संताप उगीच नाही हे कळेल. लाल चिठ्ठीचा माल दुरुस्त करून घ्यायचा, म्हणून शॉपवाल्यांनी करवत आणली आणि दोन्हीकडचे पंख बाहेरून कापून बरोबर सातशे केले. अंग तसंच ठेवलं. मुसळाएवढं अंग आणि त्याला चार खुंट! माप पुस्तकाप्रमाणे झालं ना, मग झालं. वर्षानुवर्षं तो तसाच हॉलमध्ये टांगलेला होता आणि लग्नकार्याला त्याच्या खुंटांना फुगे बांधायचे.

त्याच सोमवारी संध्याकाळी मी बाबांच्या पिशवीतल्या गठ्ठ्यातून एक कोरी लाल चिठ्ठी काढली. अक्षर काढून लिहिलं. वस्तू: टेप. दोष: घरच्या माणसाचं माप चुकीचं घेतो. खाली माझी सही. आणि ती त्यांच्या घरच्या टेपच्या कडीला सुतळीने दोन गाठी मारून बांधली. बाबा आले, टेप उचलला, वाचलं. मला वाटलं, ओरडतील. हवंच होतं मला ते. त्यांनी टेप परत फळीवर ठेवला.

मैत्रीण दिल्लीहून परत आली तेव्हा कुंपणाच्या फटीतून तिने माझ्यासाठी एक पेनस्टँड पुढे केला. मी घेतला नाही. तिचा काही दोष नव्हता आणि मला ते माहीत होतं, तरी घेतला नाही. याचं मला वाईट वाटतं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या पाटावर बाबांची खिशातली पट्टी होती, टेप नव्हता. दसऱ्याला मी नवे कपडे घालून स्वयंपाकघराच्या चौकटीशी रेंगाळले. रागावले होते, तरी रेंगाळले. बाबांनी आपट्याची पानं दिली आणि बाहेर गेले. पुढच्या वर्षीही तेच. मी म्हटलं, रुसलेत, बसू दे रुसून. आई पडदे मोजायला शेजारून फूटपट्टी मागून आणायला लागली. पोळीला कोणी माप लावेना. चौकटीवर माझी उंची नववीतच थांबली. मी त्यानंतर चांगली चार बोटं वाढले, पण घरात त्याची नोंद नाही.

सतरा-अठरा वर्षांनी बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून शाहपुऱ्यातल्या दोन खोल्यांत जायची वेळ आली. माझं लग्न होऊन मी अरेरा कॉलनीत राहत होते, सामान बांधायला आले. लोखंडी ट्रंकेत तळाशी धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उघडलं तर टेप. चिठ्ठीसकट. लाल रंग उडून फिकट झालेला, सुतळीच्या माझ्या दोन्ही गाठी जशाच्या तशा.

"बाबा, हे अजून?"

ते दोरीने पुस्तकं बांधत होते. वर न बघता म्हणाले, "तू सोडली नाहीस ना."

मी ट्रंकेचं झाकण पाडून वर बसले. रुसले बिसले काही नव्हते. लाल चिठ्ठीची वस्तू वापरायची नाही, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. सतरा वर्षं हा माणूस घरात काही मोजत नव्हता, कारण नववीतल्या पोरीने टेपला चिठ्ठी बांधली होती आणि ते तिला मानत होते. आणि मला एका शब्दाने सांगू नये? "अहो, एकदा म्हणायचं तरी! तेव्हाच सोडली असती!" मी ओरडलेच त्यांच्यावर.

"मी कसं म्हणणार?" ते म्हणाले. "ज्याचा माल रिजेक्ट झाला त्याने इन्स्पेक्टरला सांगायचं नसतं."

मी गाठी सोडायला लागले. बाबा उठले, खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "मागे लिही. दुरुस्ती काय केली."

मी चिठ्ठी उलटी केली. पेन टेकवलं. काय लिहू? दिल्ली परत आली नव्हती. शनिवार परत आला नव्हता. बाबांनी कधी म्हटलं नव्हतं की तेव्हा मी चुकलो, आणि आताही म्हणत नव्हते, नुसते समोर उभे राहून बघत होते, जसे शॉपमध्ये लोक त्यांच्यापुढे उभे राहून बघायचे. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. काहीच दुरुस्त झालेलं नव्हतं. मी पेन परत दिलं आणि सुतळीच्या दोन गाठी पुन्हा आवळून बांधल्या.

बाबांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले, "असंच पाहिजे." आणि मला, चुलीत जावो ते सगळं, त्या क्षणी अभिमान वाटला! बापाने पास केलं म्हणून.

शाहपुऱ्याच्या घरी ते नऊ वर्षं राहिले. शेवटी शेवटी मी रोज जायची, शाळा सुटली की. टेप कपाटात असायचा, पेन त्यांच्या खिशात. दोघांपैकी कोणी विषय काढला नाही. ते गेल्यावर टेप मी घेऊन आले. अजून माझ्याकडे आहे, चिठ्ठीसकट, आणि आता ती सोडून कोणाला देऊ?

सुमारे सत्तर. दगडातल्या फाटक्या पंखाला उरलेला पंख जोडून देतात लोक, आणि 'सुमारे' लिहून मोकळे होतात. मला एवढंही जमलं नाही. ट्रंकेवर बसले होते तेव्हा चिठ्ठीच्या पाठीवर दोन शब्द खोटे लिहायला हवे होते. दुरुस्ती झाली, एवढेच. मग त्यांनी टेप उघडला असता, मला चौकटीला उभं केलं असतं आणि बत्तिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर पुस्तक धरलं असतं.